सावनेरच्या मातीखाली

सावनेर हे नाव कानावर पडले की मराठीच्या मास्तराला एकच गोष्ट आठवते. राम गणेश गडकरी येथे वारले. २६ मे १८८५ रोजी नवसारीला जन्मलेले आणि पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर गाजलेले गडकरी आजारी होऊन भावाच्या घरी विदर्भातल्या या लहान गावी आले, आणि २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, येथेच त्यांची प्राणज्योत मालवली. 'भावबंधन' त्यांनी येथे पुरे केले. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' अपुरीच राहिली. त्यामुळे आमच्यासारखी मंडळी सावनेरला जातात ती एखाद्या समाधीला जावे तशी, थोडी हळहळत आणि थोडी भाषण मनात जुळवीत.

गेल्या वर्षी मात्र मी सावनेरला गेलो तो एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची माती पाहायला. वाचकांस हे चमत्कारिक वाटेल. मलाही निघताना वाटत होते. पण त्या मातीने मला मराठीतल्या एका साध्या वाक्याबद्दल जे शिकवले, ते सांगण्यासारखे आहे. आणि ज्यांच्या इमारतीच्या आवारात विहीर किंवा बोअर आहे अशा प्रत्येक कुटुंबाने ते ऐकण्यासारखे आहे.

नागपूरहून सावनेर चाळीसेक किलोमीटर. कोराडीची जगदंबा आणि तेथल्या वीजकेंद्राची धुरांडी मागे पडली, की दहेगाव, पाटणसावंगी अशी गावे येतात. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तीत कपाशी, अधूनमधून संत्र्यांच्या बागा. गावाजवळून कोलार नदी वाहते. सातपुड्याकडे जाणारी नॅरो गेजची छोटी आगगाडी २०१५ पर्यंत याच गावावरून छिंदवाड्याला जात असे. आता तेथे रुंद रूळ आले आहेत. गावापाशी महामार्गाला फाटे फुटतात. एक सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे. असा फाटा जेथे असतो तेथे चहाच्या टपऱ्या, ढाबे, टायरवाले आणि पेट्रोल पंप आपोआप गोळा होतात. कडब्याभोवती गुरे जमावीत तसे.

हे गाव जमिनीच्या वरच्यापेक्षा जमिनीखालचे जास्त खाते, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. येथल्या खाणींतून कोळसा निघतो. विहिरींच्या पाण्यावर संत्री पिकतात. काळ्या मातीवर कापूस होतो. खालून काय आणि किती वर आले, याचा हिशोब येथे चोख असतो. कोळसा टनांनी मोजतात, संत्री कॅरेटने मोजतात, पाणी किती हातांवर लागले हे तर शेतकऱ्याच्या जिभेवरच असते. वरून खाली काय गेले, याचा हिशोब मात्र कोणी मागत नाही. त्या हिशोबासाठीच मला तेथे बोलावणे आले होते.

बोलावणारा माझा एक जुना विद्यार्थी. मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारा हा मुलगा पुढे भूशास्त्र शिकला आणि आता जमीन व भूजल तपासून देण्याचे काम करतो. त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, सावनेरजवळ एक जुना पंप बंद होऊन बरीच वर्षं झाली. जागा विकत घेणाऱ्याला तिथं मंगल कार्यालय बांधायचंय. त्याआधी माती-पाणी तपासून मागितलंय. आम्ही तपासतो, पण अहवाल इंग्रजीत होतो. आजूबाजूच्या घरांना तो कसा समजायचा? त्यांच्यासाठी मराठीत एक पानाची चिठ्ठी लिहून द्याल का?"

मास्तराला मोह पडेल असेच हे निमंत्रण होते. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी त्याच्याबरोबर निघालो. तो पंप कोणता, कोणाचा, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

पेट्रोल पंपाचा वरचा भाग आपण सगळेच ओळखतो. छत, यंत्रे, हवा भरणारा मुलगा, शून्य पाहून घ्या म्हणणारा कामगार. पण पंपाचा खरा संसार जमिनीखाली असतो. हजारो लिटरच्या पोलादी टाक्या तेथे पुरलेल्या असतात. टँकर ज्या तोंडातून टाकी भरतो ते तोंड, टाकीपासून यंत्रापर्यंत गेलेले नळ, त्यांचे सांधे, हे सारे डोळ्यांआड. पोलाद मातीत गंजते. त्यात आपली काळी माती मोठी चंचल. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. ज्या मातीने घरांच्या भिंतींना तडे जातात, तीच माती पुरलेल्या नळांनाही वर्षातून दोनदा हिसके देते. एखादा सांधा सैल होतो आणि थेंब पडू लागतो.

"थेंबानं काय होतंय?" असे कोणीही म्हणेल. विद्यार्थ्याने मला गाडीतच हिशोब करायला लावला. सेकंदाला एक थेंब धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे दिवसाला चार लिटरांहून थोडे अधिक, आणि वर्षाला दीड हजार लिटर. पंपावर रोज टाकीत मोजकाठी घालून 'डिप' घेतात, साठा आणि विक्री यांचा मेळ घालतात. मग चार लिटर कमी पडलेले कळू नयेत काय? सहसा कळत नाहीत. कारण पेट्रोल उष्णतेने फुगते. तापमान एका अंशाने उतरले, की हजार लिटरमागे जवळजवळ एक लिटर आकसते. विदर्भाच्या उन्हात तापून आलेला बारा हजार लिटरचा माल जमिनीखालच्या गारव्यात दहा अंश निवला, तर शंभराहून अधिक लिटर नुसते हिशोबातून नाहीसे होतात. जेथे शंभर लिटरांची तूट स्वाभाविक, तेथे रोजच्या चार लिटरांकडे कोण पाहणार? चोर मोठ्या गर्दीत लपतो, तशी गळती उन्हात लपते.

पंपाच्या जागेवर आता टाक्या नव्हत्या; त्या पूर्वीच काढून नेल्या होत्या. फुटलेली फरशी, तीतून उगवलेली गाजरगवताची झुडपे आणि एका कोपऱ्यात कडुनिंब, एवढेच उरले होते. माझ्या विद्यार्थ्याने काम सुरू केले ते मात्र यंत्राने नव्हे, गप्पांनी. पंपावर पूर्वी काम केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला त्याने बोलावून घेतले होते. टाकी भरायचे तोंड कोठे होते, डिझेलची टाकी कोणत्या बाजूला, गाड्यांचे ऑइल कोठे बदलत, टँकर कोठे उभा राहत असे, हे सारे त्या गृहस्थांनी काठीने जमिनीवर आखून दाखवले. "सर, मातीला विचारायच्या आधी माणसाला विचारावं," विद्यार्थी म्हणाला. "नाहीतर आपण भलत्याच ठिकाणी भोक पाडतो आणि सगळं स्वच्छ आहे म्हणून घरी जातो."

मग गिरमिट निघाले. सुताराच्या गिरमिटाचेच हे भाऊबंद, पण माणसाच्या उंचीचे. दोघांनी दांडा फिरवायचा आणि ते काळ्या मातीत शिरायचे. काळ्या मातीखाली मुरूम लागला, की यंत्राची पाळी. ठरावीक खोलीवरची माती काढून तो एका पिशवीत घाली, पिशवी बंद करून थोडा वेळ ठेवी आणि एका छोट्या यंत्राची सोंड तिच्यात घाली. मातीतून सुटलेली वाफ हे यंत्र हुंगते आणि आकडा दाखवते. पहिल्या दोन भोकांत आकडा हललाही नाही. तिसरे भोक म्हाताऱ्या गृहस्थांनी दाखवलेल्या टाकीच्या तोंडाजवळचे. तेथे दोन पुरुष खोल गेल्यावर मातीचा रंग बदलला. काळी-तपकिरी माती हिरवट-करडी झाली, आणि यंत्राने आकडा दाखवण्याआधीच आम्हा सगळ्यांच्या नाकांना कळले. इतक्या वर्षांनंतरही तो वास जमिनीने जपून ठेवला होता.

पुढचा भाग मला एखाद्या धार्मिक विधीइतका सोवळ्याचा वाटला. माती आणि पाणी काचेच्या बाटल्यांत भरायचे. प्लास्टिकला पेट्रोलचे अंश चिकटतात. पाण्याची कुपी इतकी काठोकाठ भरायची, की झाकण लावून उलटी केली तर हवेचा एकही बुडबुडा दिसता कामा नये. कारण बेंझीनसारखा उडता पदार्थ त्या बुडबुड्यात शिरून बसतो आणि पाणी खोटेच निर्दोष ठरते. मग बाटल्या बर्फाच्या पेटीत. त्या पेटीत एक कुपी आधीपासूनच होती, प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याने भरून आणलेली. ती कोठेच उघडायची नाही. नुसती सगळ्यांबरोबर यायचे आणि परत जायचे. तिच्यात जर पेट्रोल निघाले, तर दोष सावनेरच्या पाण्याचा नव्हे, प्रवासाचा. साक्षीदारांवरही एक साक्षीदार ठेवणारी ही पद्धत मला फार आवडली.

भूजलासाठी त्याने त्या जागेत तीन ठिकाणी बोअर घेऊन जाळीचे नळ बसवले होते. तीनच का? तर पाण्याची उंची तीन ठिकाणी मोजली, की पाणी कोणत्या बाजूला उतरते ते कळते. दोन बिंदूंवरून ते कळत नाही. उतार निघाला तो रस्त्याकडून मागच्या वस्तीकडे. आणि त्या उताराच्या वाटेवर, पंपाच्या कुंपणापलीकडे, एक घर होते. घराच्या परसात विहीर होती.

त्या घरात एक आजी, त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात राहतात. नळ येतो, पण डाळ विहिरीच्याच पाण्यात शिजते, असा आजींचा ठाम अनुभव. विद्यार्थ्याने पाणी तपासू का म्हणून विचारले, तेव्हा आजींनी आम्हाला चहा दिला आणि नकारही दिला.

"काहून तपासता बाप्पा? सून होऊन आली तवापासून याच विहिरीचं पाणी पिऊन राहिली मी. कोणाले काही झालं का?"

मुलाने आम्हाला कुंपणापाशी गाठले. त्याची अडचण निराळी होती. मुलीच्या शिक्षणासाठी परसाकडचा तुकडा विकायचा होता; बोलणी चालू होती. "पाण्यात काही निघालं, तर प्लॉट कोण घेईल, सर? न तपासलेलं पाणी चांगलंच असते न."

हे वाक्य हसण्यासारखे नाही. मध्यमवर्गी माणसाची सारी पुंजी एका जमिनीच्या तुकड्यात असते, आणि त्या जमिनीखाली काय आहे हे कळणे त्याला परवडत नाही. विद्यार्थ्याने वाद घातला नाही. त्याने एवढेच सांगितले, की पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा पदार्थ असतो. तो वर्षानुवर्षे पोटात गेला तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम ठरवली आहे. आणि तो त्याच्या कित्येक पट झाल्याशिवाय जिभेला कळत नाही. मग मीच मनात हिशोब केला. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त शंभरात एक भाग असू शकते. म्हणजे एका लिटरात दहा मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. ते सगळे पाण्यात सारखे मिसळले, तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचते. दहा हजार लिटरचे सत्त्याऐंशी टँकर, एका लिटरमागे! प्रत्यक्षात सगळे बेंझीन पाण्यात उतरत नाही, काही उडून जाते, काही मातीतले जंतू खाऊन टाकतात. पण प्रमाण ध्यानात यायला एवढा हिशोब पुरे.

आजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "घ्या पाणी. पण जे निघंल ते पहिले मले सांगजा. प्लॉटवाल्याले नाही, गावाले नाही, पहिले मले. अन् मले समजंल असं सांगजा."

माझे काम काय होते, ते मला त्या क्षणी नीट समजले.

जमिनीखालच्या या गळतीची गोष्ट सावनेरपुरती नाही. अमेरिकेत पुरलेल्या टाक्यांसाठी १९८४ साली कायदा झाला, आणि तेव्हापासून तेथे पाच लाखांहून अधिक ठिकाणी गळती झाल्याचे नोंदले गेले आहे. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला आपल्या पाण्याचा जवळजवळ निम्मा पुरवठा बंद करावा लागला. पेट्रोल चांगले जळावे म्हणून त्यात घातलेले एम.टी.बी.ई. नावाचे द्रव्य विहिरींत उतरले होते. आपल्याकडे चेन्नईच्या तोंडियारपेठेत २०१३ साली तेलवाहिनी गळून घराघरांच्या विहिरींत इंधन आले, आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणापुढे गेले.

पण घाबरून जाण्याचेही कारण नाही. कॅलिफोर्नियात १९९५ साली अशा अनेक जागांचा अभ्यास झाला. बहुतेक ठिकाणी बेंझीनचा पसारा शंभर मीटरांच्या आतच थांबलेला आढळला. मातीतले जंतू ते पचवतात. मात्र ती जमीन गाळाची होती. आपल्याकडचा काळा कातळ निराळा. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा हा कातळ नागपूरच्या मुलखात संपत येतो आणि कामठीच्या नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म सुरू होतो. कातळात पाणी झिरपत नाही, फटींतून पळते. त्यामुळे दहा पावलांवरची विहीर स्वच्छ राहावी आणि शंभर पावलांवरची नासावी, असे येथे घडू शकते. पेट्रोलमध्ये आता इथेनॉलही मिसळतात. ते जमिनीत गेले, की जंतू आधी त्या गोड घासावर तुटून पडतात, प्राणवायू संपवतात, आणि बेंझीन तसेच ताटात राहते.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. टाकीच्या तोंडाजवळच्या मातीत पेट्रोल आणि शिसे दोन्ही होती. शिसे सापडल्यावरून गळती जुनी असल्याचे कळले, कारण १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. आजींच्या विहिरीच्या रकान्यात मात्र बेंझीन, टोल्युईन, इथिलबेंझीन आणि झायलीन या चारही पदार्थांपुढे इंग्रजी दोन अक्षरे होती. त्यांचा अर्थ, 'सापडले नाही'. प्रवासाला गेलेली ती कोरी कुपीही निर्दोष ठरली होती.

विद्यार्थ्याच्या कार्यालयातल्या कोणी तरी मराठी चिठ्ठीचा कच्चा खर्डा करून ठेवला होता: "आपल्या विहिरीत पेट्रोल नाही. आपले पाणी सुरक्षित आहे." वाक्ये शुद्ध होती. मुलाला ती हवीच होती. प्लॉटच्या गिऱ्हाइकाला दाखवता आली असती. पण अहवालात असे कोठेच म्हटलेले नव्हते. अहवाल 'सापडले नाही' म्हणत होता, आणि चिठ्ठी 'नाही' म्हणत होती. शब्द एकच कमी. पण त्या एका शब्दात यंत्राची शोधण्याची मर्यादा होती, त्या दिवसाची तारीख होती, आणि पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेली विहीर होती.

मी चिठ्ठी नव्याने लिहिली. ती अशी: "१५ नोव्हेंबरला तुमच्या विहिरीचे पाणी घेतले. त्यात पेट्रोलमधले चार पदार्थ शोधले. ते प्रयोगशाळेच्या यंत्राला सापडले नाहीत. शेजारच्या जागेत, जुन्या टाकीजवळच्या मातीत पेट्रोल सापडले आहे, आणि भूजलाचा उतार तुमच्या घराकडे आहे. म्हणून मे महिन्यात विहीर आटल्यावर पाणी पुन्हा तपासू. मध्यंतरी पाण्याला वास किंवा वेगळी चव आली, तर पिणे थांबवून लगेच कळवा."

चिठ्ठी पहिल्यांदा आजींच्याच हाती दिली. त्यांनी ती नातीकडून दोनदा वाचून घेतली. म्हणाल्या, "म्हणजे आज नाही, पुढचं मे महिन्यात." एवढ्या सगळ्या शास्त्राचा इतका नेमका सारांश मला करता आला नसता. मुलाचा चेहरा मात्र उतरला. प्लॉटची बोलणी त्याने आपण होऊन मेपर्यंत पुढे ढकलली. गिऱ्हाइकाला चिठ्ठी दाखवल्याशिवाय विकणार नाही, असे आईने बजावल्याचे मला मागून कळले.

मे महिन्यात पुन्हा जाण्याचे कारण हे, की विदर्भातली विहीर एका वर्षात दोन निरनिराळ्या विहिरी असतात. पाऊस संपल्यावर पाणी वर असते, पुष्कळ असते, आणि त्यात थोडे विष मिसळले तरी विरून जाते. पाणी चढते तेव्हा त्यावर तरंगणारे पेट्रोलही चढते आणि मातीच्या कणाकणाला चिकटते. उन्हाळ्यात पाणी खोल जाते, जो तो उपसा करतो, आणि उपसणारी विहीर आजूबाजूच्या फटींतले पाणी स्वतःकडे ओढते. म्हणून एकदाच तपासणे म्हणजे वर्षातून एकदाच नाडी पाहून प्रकृती ठणठणीत ठरवण्यासारखे आहे.

मेच्या उन्हात विहिरीचा तळ दिसत होता. या वेळी बेंझीन सापडले नाही, पण झायलीनचा अंश सापडला. अगदी थोडा, मर्यादेच्या कितीतरी आत. त्या पाण्याला वास नव्हता, चव नव्हती, रंग नव्हता. आजींच्या नाकाला आणि जिभेला, ज्यांच्यावर त्यांचा एवढा भरवसा, त्याची दादही लागली नसती. पण पेट्रोलची वाट विहिरीच्या दिशेने निघाली होती, हे त्या अंशाने सांगितले.

मग जे झाले ते सांगण्यासारखे आहे. जागा घेणाऱ्याने किंमत पाडून घेण्याचा किंवा पळून जाण्याचा मार्ग धरला नाही. पाऊस लागायच्या आत टाकीच्या तोंडाभोवतीची ती हिरवट-करडी माती खणून काढली, ती रीतसर विल्हेवाटीला गेली आणि खड्ड्यात स्वच्छ मुरूम भरला. खर्च जुन्या मालकाने किती आणि नव्याने किती करायचा, यावर पुष्कळ ओढाताण झाली. पण पावसाने कोणाची वाट पाहिली नसती, हे दोघांनाही पटले. आजींच्या घरी प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचे पाणी सुरू झाले, विहिरीचे पाणी धुण्याभांड्यांपुरते. डाळ लवकर शिजत नाही अशी त्यांची तक्रार आहे. प्लॉट अजून विकलेला नाही. नातीच्या शिक्षणासाठी मुलाने कर्ज काढले. सगळेच काही गोड झाले असे मी म्हणणार नाही.

या साऱ्या गोष्टीत एक मौज आहे. देशातल्या पेट्रोल पंपांना परवाने देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. पर्यावरणाचे संशोधन करणारी 'नीरी' ही संस्थाही नागपुरातच. १९५८ साली ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ साली तिला आजचे नाव मिळाले. म्हणजे सावनेरकरांना परवाना आणि प्रयोगशाळा दोन्ही चाळीस किलोमीटरांच्या आत. नियमही झाले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शाळा, रुग्णालये आणि वस्ती यांपासून पन्नास मीटरांचे अंतर त्यात सांगितले आहे. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. संशयित जागांची यादी करण्याचे काम त्यांनी स्थानिक आणि जिल्हा प्रशासनावर सोपवले, आणि राज्याच्या मंडळाला प्राथमिक तपासणीसाठी नव्वद दिवसांची मुदत घातली. पण यादीत नाव येण्यासाठी आधी कोणाला तरी संशय यावा लागतो, आणि पेट्रोलच्या बाबतीत संशय नाकाला येतो तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

म्हणून पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या सोसायटीचे बोअरचे पाणी आपण तपासून घेतो. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू यांचे आकडे येतात आणि आपण निश्चिंत होतो. त्या नेहमीच्या तपासणीत पेट्रोलचे नाव सहसा नसते. ते वेगळे सांगावे लागते, आणि नमुनाही वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. शेजारी पंप असेल, किंवा पूर्वी कधी होता असे जुनी माणसे सांगत असतील, तर ही तपासणी मागून घ्या. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. अहवाल आला, की त्यात 'सापडले नाही' असे लिहिले आहे की 'नाही' असे, ते पाहा. पहिले लिहिणारा प्रामाणिक समजा. दुसरे लिहिणाऱ्याला तारीख विचारा.

सावनेरच्या त्या घरात नोव्हेंबरची आणि मेची अशा दोन्ही चिठ्ठ्या आता देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर जपून ठेवल्या आहेत. तिसरी तपासणी या दिवाळीनंतर आहे. तारीख आजींनी स्वतः ठरवली आहे.